पाच फूट की पाच वर्षं?

माझ्या एका मित्राला नोकरी सोडून बायकोबरोबर शिडाच्या बोटीतून जग बघायचंय. पण दर दिवाळीला त्याची बोट कागदावर मोठी होते आणि निघायची तारीख वर्षभर पुढे जाते. फ्रीज हवा, म्हणून जास्त बॅटऱ्या. त्या चार्ज करायला जनरेटर. जनरेटरला डिझेल. आणि बॉस, खारी हवा यातलं काहीच सोडत नाही! भर समुद्रात मेकॅनिक कुठून आणणार?

लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने स्वतः बांधलेली ‘सेराफिन’ १९६८मध्ये पाण्यात उतरली. लांबी जेमतेम २४ फूट, इंजिन नाही, उजेडाला रॉकेलचे दिवे. तिच्यातून त्यांनी ११ वर्षं रमतगमत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

म्हणजे संन्यास घ्यायचा का? मुळीच नाही! त्यांची पुढची बोट ‘टॅलेसिन’ जवळपास ३० फुटांची होती. जागा वाढली, इंजिन मात्र तिलाही नव्हतं.

मला हिशोब पटतो तो असा. कोरडं अंथरूण आणि गरम जेवण यात काटकसर नको. दमलेला माणूस समुद्रावर चुका करतो. बाकी प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न: बिघडली तर मला दुरुस्त करता येईल? नाहीतर तिच्यावाचून चालेल? दोन्हीकडे ‘नाही’ आलं, तर ती किनाऱ्यावरच बरी.

शेवटी सौदा साधा आहे. पाच फूट जास्त हवेत, की पाच वर्षं आधी निघायचंय?