कारचा एसी दरवर्षी गॅस का मागतो?

मार्च संपला की मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या घाटाखालच्या पट्ट्यात कार एसीच्या दुकानांपुढे गाड्या लागू लागतात. ‘थंड हवा येत नाही’ ही तक्रार ठरलेली आणि ‘गॅस संपला’ हे उत्तरही ठरलेले. अर्ध्या तासात गॅस भरून गाडी निघते. पुढच्या उन्हाळ्यात, कधी तर महिनाभरातच, तीच गाडी पुन्हा त्याच दुकानात उभी असते. दुखणे तसेच राहते आणि पैसे दरवर्षी जातात.

गॅस संपतो कसा?
एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल अशा बंद फेऱ्यात तोच गॅस फिरत राहतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो. त्यामुळे काही वर्षांनी थंडावा जरा कमी होणे समजण्यासारखे आहे. मात्र दर उन्हाळ्यात गॅस लागत असेल, तर गळती आहे हे नक्की. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

गळते कुठे?
पहिला संशय बंपरमागच्या कंडेन्सरवर घ्यावा. समृद्धी महामार्गावर वा खामगाव-मलकापूर रस्त्यावर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याच्या पातळ नळ्यांना लागू शकतो. त्यानंतर जोडांतील ओ-रिंग, होज, कॉम्प्रेसरचे सील आणि गॅस भरण्याच्या तोंडातली पिन. हिवाळाभर एसी बंद ठेवला तर सीलला तेल मिळत नाही; म्हणून थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे तो चालवावा. सर्वांत खर्चिक गळती कूलिंग कॉइलची, कारण तिच्यासाठी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते. त्यामुळे जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर तिथेच पाहावे. गाडीखाली टपकणारे स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे. ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असते.

थंडावा कमी होण्याचे कारण दरवेळी गॅसच असते असेही नाही. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकले, पंखा बंद पडला किंवा केबिन फिल्टर तुंबला, तरी हवा थंड येत नाही. कंडेन्सर तुंबलेला असताना वरून गॅस भरला, तर दाब आणखी वाढून कॉम्प्रेसरच धोक्यात येतो.

योग्य दुरुस्ती कोणती?
आधी गेजवर दोन्ही बाजूंचे दाब पाहावेत. उरलेला गॅस मशीनने काढून घ्यावा. मग नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधावी. बारीक गळतीसाठी डिटेक्टर किंवा अल्ट्राव्हायोलेट डाय वापरतात. खराब भाग, ओ-रिंग व ड्रायर बदलल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम करावा. पंप बंद केल्यावर गेजचा काटा सरकू नये. त्यानंतर बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून गॅस भरावा. स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजीसारखा पेट घेणारा गॅस कधीही भरून घेऊ नये.

प्रश्न फक्त खिशाचा नाही
बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस ओझोनला अपाय करत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो. अर्धा किलो गॅस हवेत सोडणे म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. अशा गॅसचा वापर कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली करार झाला आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. विदर्भाचा उन्हाळा ज्यांना सोसावा लागतो, त्यांनी तरी हा हिशेब दूरचा मानू नये.

सगळा दोष मेकॅनिकवर टाकणेही बरोबर नाही. ‘लग्नाला जायचे आहे, आत्ताच भरून द्या’ म्हणणारा ग्राहक तपासणीची मजुरी द्यायला तयार नसतो. ती मजुरी ग्राहकाने द्यावी आणि बिलावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ केला, गॅस किती ग्रॅम भरला. ज्या बिलावर फक्त ‘गॅस चार्जिंग’ लिहिलेले असते, त्या गाडीचा पुढचा उन्हाळाही दुकानातच उजाडतो.