नाणे जमवावे, पण त्याची कुळकथा विचारून



पोस्टाची तिकिटे, काड्यापेटीवरील चित्रे, जुनी नाणी जमवणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. "याचे मार्क मिळणार आहेत का?" हा प्रश्नही घरोघरी ऐकू येतो. म्हणून या वेळी आम्ही नाणेसंग्रहाच्या एका मानाच्या शाखेविषयी, बायझंटाईन सम्राटांच्या सुवर्णनाण्यांविषयी, लिहीत आहोत.

सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. ३०९ च्या सुमारास 'सॉलिडस' हे नाणे सुरू केले. एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम. पुढे कॉन्स्टँटिनोपल राजधानी झाली, राजवंश बदलले, पण नाण्याचा कस जवळजवळ सातशे वर्षे टिकला. अकराव्या शतकात सम्राटांनी सोन्यात भेसळ सुरू केली आणि काही दशकांतच सोने नावापुरते उरले. शेवटी पहिल्या अलेक्सिओसला १०९२ साली नवे नाणे पाडावे लागले. पत कशी कमावतात आणि कशी गमावतात, याचा इतका सरळ धडा दुसरा क्वचितच मिळेल.

हा विषय आपल्याला अगदी परका नाही. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातील अक्की आलूर येथे अशी सुवर्णनाणी सापडली आहेत. दक्षिणेत मिळालेल्या कित्येक नाण्यांना भोके पाडलेली आहेत. म्हणजे ती येथे दागिना म्हणून वापरली गेली. आजीची पुतळ्यांची माळ आठवली ना? 'पुतळी' म्हणजे मुळात व्हेनिसचे डुकाट, १२८४ पासूनचे. बायझंटाईन सोन्याची पत गेल्यावर भूमध्य समुद्राच्या व्यापारात जी नाणी पुढे आली, त्यांपैकी ते एक.

हा श्रीमंतांचा छंद, असे कोणी म्हणेल. पण फिलिप व्हिटिंग लंडनच्या एका शाळेत इतिहासाचे शिक्षक होते. त्यांचा बायझंटाईन नाण्यांचा मोठा संग्रह आज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या बार्बर इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. तिजोरीत कुलूपबंद राहिले तर ते केवळ सोने. नोंदीसह अभ्यासाला मिळाले तर ती विद्या.

आमचे स्पष्ट मत असे की, नाणे कोठे आणि कशासोबत सापडले ही माहिती नाण्याइतकीच मोलाची आहे. चोरून खणलेल्या नाण्याची ती माहिती कायमची नष्ट होते. बाजारात बनावट नाणीही पुष्कळ. म्हणून पावती आणि पूर्वेतिहास नसलेले नाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आपला कायदाही हेच सांगतो. १८७८ च्या भारतीय निखात निधि अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, १० रुपयांहून अधिक मोलाच्या धनाची सूचना कलेक्टरांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत.

मुलांनो, सुरुवात सोन्याने करायची गरज नाही. खिशातल्या रुपयावरचे साल आणि टाकसाळीचे चिन्ह वहीत नोंदवा, तीच पहिली पायरी. पालकांना विनंती की, घरातले जुने नाणे सोनाराकडे आटवण्यापूर्वी एकदा जाणकाराला दाखवावे. एकदा आटवले की त्याचे वजन तेवढे उरते, इतिहास नाही. आणि विश्वस्त मंडळींनी वाचनालयात नाण्यांच्या चित्रांसाठी व मुलांच्या नोंदवह्यांसाठी एक काचेचे कपाट द्यावे, एवढेच आमचे मागणे.