टर्बोला दोष देण्याआधी



गेल्या हंगामात कापूस भरून दर्यापूरहून अकोटच्या जिनिंगकडे निघालेली आमची पिकअप वाटेतच धापा टाकू लागली. मागे काळा धूर. गॅरेजवाला म्हणाला, "टर्बो गेला, नवा टाका." त्यात किती क्विंटल कापूस गेला असता, तुम्हीच हिशेब करा. आम्ही बोनेट उघडले. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप क्लिपजवळ फाटला होता. दाबलेली हवा बाहेरच जात होती. पाइप बदलला, गाडी ओढू लागली.

कपाशी लाल पडली की आपण आधी पान उलटून तुडतुडे पाहतो, मग खताकडे वळतो. इंजिनाचेही तसेच. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर पाहा (जिनच्या आवारातली धूळ आणि रुईचे तंतू त्यात हमखास बसतात), मग पाइप. धूर नाही आणि ताकदही नाही, तर बहुधा डिझेल फिल्टर चोंदलेला असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते; तेव्हा टर्बोवर संशय घ्या. इंजिन बंद आणि थंड असताना पाइप काढून टर्बोचा पंखा बोटाने फिरवा. तो कवचाला घासत असेल, तरच खर्चाचे बोला.

आणि ओझे ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. मिनिटाला लाखावर फेरे घेणारे ते बेअरिंग ऑइलवरच जगते.