पियानो विकायचा की जपायचा?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या ‘द पियानो लेसन’ या नाटकावर २०२४ साली चित्रपट आला. दिग्दर्शक माल्कम वॉशिंग्टन, त्याचा हा पहिलाच चित्रपट. मुख्य भूमिकेत थोरला भाऊ जॉन डेव्हिड, निर्मितीच्या बाजूला बहीण कातिया, जुळी बहीण ऑलिव्हिया अभिनेत्री म्हणून. आणि निर्माते म्हणून वडील डेन्झेल वॉशिंग्टन. नटाच्या घरची पोरे नट झाली, त्यात नवल काय, असे कुणी म्हणेल. पण या भावंडांनी हातात घेतलेली गोष्टही बहीण-भावाच्या भांडणाचीच आहे, आणि ते भांडण आमच्या घरातलेही आहे.

साल १९३६, शहर पिट्सबर्ग. मिसिसिपीहून बॉय विली ट्रकभर कलिंगडे घेऊन बहीण बर्नीसकडे येतो. तिच्या घरात एक जुना पियानो आहे. गोऱ्या मालकाने आपल्या बायकोला भेट द्यायला तो घेतला, आणि किंमत म्हणून दिली ती यांच्या घराण्यातली एक बाई आणि तिचे लेकरू. मागे राहिलेल्या सुतार नवऱ्याने त्या लाकडावर आपल्या माणसांचे चेहरे कोरले. पुढे त्याच्या वंशजांनी तो मालकाच्या घरातून उचलून आणला, आणि त्यापायी या भावंडांचा बाप जिवंत जाळला गेला. विलीला पियानो विकून, बापजाद्यांनी गुलाम म्हणून राबवलेली तीच जमीन विकत घ्यायची आहे. बर्नीस म्हणते, हात लावू नकोस.

शेवटी पियानो घरात राहतो, विली रिकाम्या हाताने परततो. प्रेक्षकाचे मन साहजिकच बहिणीकडे झुकते. भुताचे प्रसंग चित्रपटात जरा जास्तच गडद झाल्याने विलीचा जमिनीचा सवाल मागे पडतो, हे आम्हाला खटकले. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तो याच सवालासाठी. स्मारक हवेच, पण स्मारकाच्या पायरीवर उभ्या माणसाच्या नावावर सातबारा आहे का, हे विचारणारा वेडा ठरू नये.

दुसरी बाब मालकीची. विल्सन यांच्या ‘फेन्सेस’ची बोलणी हॉलिवूडमध्ये चालू असताना त्यांनी दिग्दर्शक कृष्णवर्णीयच हवा, असा हट्ट धरला. चित्रपट रखडला. २००५ साली ते गेले; ‘फेन्सेस’ आला २०१६ साली, डेन्झेल यांच्याच दिग्दर्शनाखाली. विल्सन यांची दहाही नाटके पडद्यावर आणायची, असे डेन्झेल यांनी ठरवले आहे. कमावलेली पत आणि पैसा आपल्या समाजाच्या लेखकामागे उभा करणे म्हणजे काय, ते इथे दिसते. घराणेशाहीच म्हणायची तर ही अशी असावी!

आमच्याकडे प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ आहे, दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’ आहे. ही नाटके अभ्यासक्रमात लागतात, त्यांच्यावर प्रबंध होतात. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात शिकलेल्यांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, तिची पारायणे आम्ही दरवर्षी करतो. आज समाजात अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, कंत्राटदार आणि कारखानदारही आहेत. त्यांची मुले मुंबई-पुण्यात चित्रपटाचे शिक्षण घेत आहेत. या मुलांच्या हाती ‘किरवंत’ची संहिता आणि पहिल्या दिवसाच्या चित्रीकरणाचा खर्च कोण ठेवणार?