कायदा, ओवी आणि संगणक

भर मैफलींत संगणकास आज्ञा लिहून देऊन संगीत निर्माण करण्याची एक कला पश्चिमेकडे रुजली आहे. तिला 'लाइव्ह कोडिंग' म्हणतात. वादक श्रोत्यांसमोर आज्ञा लिहितो, खोडतो, बदलतो. आणि त्या ओळी पडद्यावर सर्वांस दिसत असतात. जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षित मंडळींत हा विषय काढला कीं दोन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. गवई म्हणतात, "हें यंत्राचें काम, यांत संगीत कुठलें?" पालक म्हणतात, "संगणक नोकरीसाठीं. हे चाळे कशाला?" आमच्या मतें दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत.

गवयांनीं थोडा इतिहास पाहावा. १९८० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल व जेम्स किपन यांनीं 'बोल प्रोसेसर' रचला, तो लखनौचे तबलानवाज उस्ताद आफाक हुसेन खां यांच्या कायद्यांची घडण उमजावी म्हणून. यंत्रानें पलटे काढावे आणि उस्तादांनीं ते पारखावे, अशी ती रीत. पुढें इंग्लंडांत ॲलेक्स मॅक्लीन यांनीं 'हॅस्केल' या फलनप्रधान भाषेंत 'टायडल' रचलें. त्यांतील आटोपशीर लेखनपद्धतीस बेल यांच्याच कामाची प्रेरणा आहे. आणि फलन म्हणजे तरी काय? एक आकृति घ्यावी, नियमानें तिच्यापासून दुसरी घडवावी, मूळ मात्र अभंग ठेवावें. तबलजी ठेक्याची दुगुन करतो, कायद्याचा पलटा काढतो, तिहाई बांधून समेवर येतो, तेव्हां तो दुसरें काय करतो?

यंत्रास बोटांचें वजन नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण पलटा कोणता घ्यावा आणि केव्हां थांबावें, हें समोर बसलेला मनुष्यच ठरवितो. ज्यास मात्रा मोजतां येत नाहींत, त्यास हॅस्केल तारणार नाहीं.

आतां पालकांविषयीं. जळगांवच्या विद्यापीठास २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. त्या निरक्षर माउलीनें घरशेतीचीं कामें करतां करतां ओठांवर ओवी रचली. ती नोकरीसाठीं नव्हे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या कामांत हेच बेल सामील झाले. एका फ्रेंच संशोधकास तबला, जातें आणि संगणक हीं तिन्ही एकाच अभ्यासाचीं वाटलीं. आम्हांस मात्र तीं एकमेकांचीं वैरी वाटतात!

टायडल फुकट मिळतें. महाविद्यालयांनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ संगणकाची खोली उघडी ठेवावी आणि गांवांतील एखाद्या तबलजीस मानधन देऊन तेथें बोलवावें. आमचें मागणें एवढेंच आहे.