ठिपक्यात कोण आहे?

तुमच्यापैकी किती जणांनी संगणकावर विमान चालविले आहे? वर्गात हा प्रश्न विचारला की आजकाल निम्मे हात वर होतात. मग मी दुसरा प्रश्न विचारतो : "उड्डाणापूर्वी वहीत काही लिहिले होते का?" या वेळी मात्र एकही हात वर होत नाही. आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

आमचे भिंगार लष्करी छावणीचे गाव आहे. जवळच चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. येथल्या मुलांना रणगाडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अनेकांच्या घरी कोणी ना कोणी सैन्यात असते. अशाच एका घरी मागे एका रविवारी मी गेलो होतो. अकरावीतला एक मुलगा संगणकापुढे बसला होता. त्याचे तीन मित्र पुण्याहून आणि नाशिकहून इंटरनेटद्वारे त्याच्याशी जोडलेले होते. चौघे मिळून एक मोहीम खेळत होते. तिला इंग्रजीत क्लोज एअर सपोर्ट म्हणतात. जमिनीवर शत्रूशी भिडलेल्या आपल्या तुकडीला विमानांनी अगदी जवळून द्यावयाची मदत, असा तिचा अर्थ. येथे आपले आणि परके सैनिक एकमेकांपासून काही शे मीटरवर असतात, म्हणूनच हे काम फार अवघड आहे.

आमचा मुलगा जमिनीवरचा निरीक्षक झाला होता आणि मित्र वैमानिक झाले होते. मुलगा ओढ्याच्या दक्षिणेला उत्तरेकडे तोंड करून होता. ओढा दक्षिणोत्तर वाहत होता. त्याने सांगितले, "ओढ्याच्या डाव्या बाजूच्या दोन गाड्या उडवा." विमाने मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे येत होती. निरीक्षकाची डावी बाजू पश्चिमेला आणि वैमानिकाची डावी बाजू पूर्वेला! वैमानिकाने आपल्या डावीकडच्या दोन गाड्या उडविल्या. त्या त्यांच्याच तुकडीच्या होत्या.

मुले हसली. एकाने पुन्हा सुरू करण्याचे बटन दाबले.

खोलीच्या कोपऱ्यात मुलाचे आजोबा बसले होते. ते चिलखती दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. विजयंता रणगाड्यावर त्यांनी अनेक वर्षे काढली. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, वरून तुला ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात आम्ही चौघे बसायचो."

मुलांचे हसणे थांबले. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेला नाही.

आता माझे मत आधीच सांगतो. हा खेळ वाईट आहे असे मला वाटत नाही. पण आपण तो अर्धाच खेळतो. त्याचा जो भाग शिकण्यासारखा आहे तो गाळतो आणि ज्यात फारसे शिकण्यासारखे नाही तोच खेळत बसतो.

सिम्युलेटर म्हणजे खऱ्या यंत्राची नक्कल करणारे यंत्र. ते मुळात करमणुकीसाठी जन्मले नाही. अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. ऑर्गनमध्ये हवा भरण्यासाठी भाते असतात. तेच भाते वापरून त्याने १९२९ साली विमानासारखी डुलणारी, कलणारी एक पेटी तयार केली. प्रारंभी तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. खराब हवेत केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालविण्याचा त्यांना पुरेसा सराव नव्हता. अनेक अपघात झाले, वैमानिक मृत्युमुखी पडले. मग सैन्याने लिंकच्या पेट्या विकत घेतल्या. म्हणजे सिम्युलेटर जन्मला तो चूक जमिनीवर करता यावी आणि आकाशात होऊ नये यासाठी. १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला आणि ही पेटी घरातल्या संगणकात शिरली. चूक करून पाहण्याची सोय आपल्याला मिळाली, पण चुकीचा हिशेब ठेवण्याची सवय तिच्याबरोबर आली नाही.

हा हिशेब कसा असतो ते पाहू. त्यासाठी शाळेतले पदार्थविज्ञान पुरे आहे.

समजा, विमानाचा वेग सेकंदाला २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर आहे. वैमानिकाला ३ किलोमीटरवर ७ मीटर लांबीचा ट्रक दिसला. तो केवढा दिसेल? साध्या प्रमाणाने काढा. ३ मीटरवर ठेवलेली ७ मिलिमीटरची वस्तू जेवढी दिसते तेवढा. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला हरभऱ्याचा दाणा! हा दाणा कोणाच्या बाजूचा आहे ते ओळखायला वेळ किती? ३००० भागिले २००, म्हणजे १५ सेकंद. तेवढ्यात विमान त्याच्या डोक्यावर असेल.

चुकले म्हणून वळून परत यावे म्हटले तर? विमान ६० अंशांत कलंडून त्याच उंचीवर वळत असेल, तर वळणाची त्रिज्या वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वप्रवेग गुणिले टॅन ६० अंश. आकडे घालून पाहा. त्रिज्या सुमारे २,३५० मीटर येते. पुरे एक वर्तुळ घ्यायला जवळजवळ सव्वा मिनिट लागते आणि तेवढा वेळ वैमानिकाला आपले वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते. खुर्चीत बसून खेळणाऱ्याला हे दुप्पट वजन कधीच कळत नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. ५०० मीटर उंचीवरून त्याच वेगाने आडवे जाणाऱ्या विमानातून एखादी वस्तू सोडली, तर हवेचा विरोध सोडून दिल्यास ती जमिनीवर पोचायला सुमारे १० सेकंद घेईल आणि तेवढ्या वेळात सुमारे २ किलोमीटर पुढे जाईल. म्हणजे एका सेकंदाची चूक २०० मीटरची होते. आपली तुकडी लक्ष्यापासून ३०० मीटरवर असेल तर? पुढचे वाक्य मी लिहीत नाही, तुम्हीच पूर्ण करा.

हे गणित पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. या कामात बोटांच्या चपळाईला दुय्यम स्थान आहे. पहिले स्थान आहे बोलण्याला आणि ऐकण्याला. म्हणूनच अनेक देशांच्या सैन्यांत निरीक्षकाने वैमानिकाला द्यावयाची माहिती नऊ ओळींत बांधलेली असते : कोठून निघावयाचे, कोणत्या दिशेने, किती अंतर, लक्ष्याची उंची, वर्णन आणि स्थान, ते कोणत्या खुणेने ओळखावयाचे, आपली माणसे कोठे आहेत, आणि शेवटी, बाहेर कोणत्या वाटेने पडावयाचे. यांतली लक्ष्याची उंची आणि स्थान वैमानिकाने उलट वाचून दाखवावयाची असतात. नीट पाहा, लक्ष्य आणि आपली माणसे कोठे आहेत हे या ओळींत नुसते 'डावे' आणि 'उजवे' म्हणून सांगत नाहीत. भूगोलाच्या पुस्तकाने हा धोका आपल्याला आधीच सांगितला आहे. नदीचा डावा तीर म्हणजे कोणाचाही डावा नव्हे. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभ्या राहणाऱ्याचा डावा. दिशा सांगताना कोणाच्या संदर्भाने हे ठरवावेच लागते. सापेक्ष गतीच्या धड्यात आम्ही शिक्षक हेच घसा फोडून सांगत असतो.

आता खरे उदाहरण. १९९७ सालच्या 'बॉर्डर' चित्रपटामुळे लोंगेवालाचे नाव तुम्हांला ठाऊक असेल. १९७१ च्या डिसेंबरात, ४ आणि ५ तारखांच्या मधल्या रात्री, राजस्थानातील या ठाण्यावर पाकिस्तानचे रणगाडे चालून आले. ठाण्यात पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी होती, सुमारे १२० जवान. त्यांचे प्रमुख होते मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. जैसलमेरच्या तळावर हंटर विमाने होती. पण अंधारात असा मारा करण्याची साधने त्यांच्याकडे नव्हती. जैसलमेर ते लोंगेवाला हे हवाई अंतर सुमारे १०० किलोमीटर. वरच्या वेगाने हे अंतर सव्वाआठ मिनिटांचे आहे. मदत इतकी जवळ होती आणि तरीही जवानांना पहाट होईपर्यंत तग धरावा लागला. सकाळी हंटर आले. उघड्या वाळूत रणगाड्यांना लपायला जागा नव्हती.

चित्रपटात हंटर लक्षात राहतात. मला मात्र दुसरे एक विमान अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याच देशात तयार झालेले 'कृषक' नावाचे ते लहानसे, संथ विमान. मेजर आत्मासिंग ते चालवीत होते आणि वरून पाहून हंटरांना लक्ष्य दाखवीत होते. जे वेगवान विमानाला पंधरा सेकंदांत ओळखता येत नाही ते सावकाश उडणाऱ्या माणसाला पाहता येते. त्या दिवशीच्या यशात शस्त्रांचा वाटा होताच, पण पाहून नीट सांगणाऱ्याचाही होता. आपल्या खेळात हे काम कोणी मागून घेतो का? सगळ्यांना हंटर हवा असतो, कृषक कोणालाच नको असतो.

ओळखण्यात चूक झाली तर काय होते याचेही उदाहरण सांगितले पाहिजे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे आपल्या हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. त्यातील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मरण पावले. ती आपली मोठी चूक होती, हे हवाई दलाच्या प्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केले. ती क्षेपणास्त्रे चालविणारी माणसे शिकलेली होती, सरावलेली होती. चूक अशिक्षितांचीच होते असे नाही. गडबडीत, अपुऱ्या माहितीवर ती कोणाचीही होते. आणि तेथे पुन्हा सुरू करण्याचे बटन नव्हते.

येथे काही शिक्षक मला अडवतील. "सर, मुलांना युद्धाचे खेळ खेळायला सांगता?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ठिपका उडाला की गुण वाढला, एवढेच शिकविणारा खेळ मन बोथट करतो, हे मलाही मान्य आहे. पण मुले खेळतात ते आपल्याला विचारून खेळत नाहीत. 'खेळू नका' म्हणून आपण दार लावून घेतले, तर ठिपक्यात कोण आहे हे त्यांना कोण सांगणार? सगळ्यांच्याच घरी हवालदार आजोबा नसतात.

म्हणून खेळणाऱ्यांना माझ्या तीन सूचना आहेत. एक, संगणक सुरू करण्यापूर्वी वही उघडा. अंतर, वेग, वेळ, इंधन आणि आपल्या माणसांची जागा लिहिल्याशिवाय उड्डाण नाही. दोन, निरीक्षकाचे काम आळीपाळीने सर्वांनी करा आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला द्या. थांबा म्हटले की कारण न विचारता सर्वांनी परत फिरावे. तीन, खेळ संपल्यावर चुकांची यादी करा. ओळख पटली नाही म्हणून मारा न करता परतलेल्या वैमानिकाला मारा करणाऱ्याइतकेच गुण द्या. माझ्या हाती असते, तर मी त्याला जास्तच दिले असते.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी हिरमुसू नये. हा प्रयोग शाळेच्या मैदानावर फुकट होतो. मैदानात पाच सारखे दगड ठेवा. त्यांतला एक 'शत्रू', चार 'आपले'. ते कोणते हे फक्त निरीक्षकाला माहीत. तो मैदानाच्या एका टोकाला उभा राहील, 'वैमानिक' दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे तोंड करून. हातवारे करावयाचे नाहीत, बोट दाखवावयाचे नाही, फक्त बोलावयाचे. पंधरा सेकंदांत वैमानिकाने दगड ओळखावयाचा. प्रथम मनास येईल तसे बोलून दहा वेळा करा. मग दिशा, अंतर, खूण आणि उलट वाचन हे नियम पाळून दहा वेळा करा. दोन्हींतल्या चुका मोजा आणि आलेख काढा. शिक्षकांनी या प्रयोगासाठी एक तास अवश्य द्यावा.

त्या रविवारी पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मुलांनी बटन दाबून खेळ पुन्हा सुरू केला होता, पण विमाने बराच वेळ धावपट्टीवर उभीच राहिली. मुलाने वही आणली आणि विचारले, "आजोबा, तुम्ही दिशा कशी सांगायचात?" आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. पुण्याचे आणि नाशिकचे मित्रही ऐकू लागले. पाऊण तास एकही विमान उडाले नाही. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत चांगली मोहीम तीच होती.