जामिनाची सही आणि शब्दांविना गाणे



गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या कचेरीतले एक शिपाई दादा आपल्या मुलाला घेऊन आमच्या घरी आले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग दादांनी पिशवीतून पतपेढीचा फॉर्म काढला आणि म्हणाले, "भाऊ, दीड लाखाचे कर्ज काढतो आहे. जामीन म्हणून तुमची सही पाहिजे."

लग्न नाही, आजारपण नाही, घराची दुरुस्ती नाही. मग कर्ज कशाला? मुलगा तेवीस वर्षांचा. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात काम करतो, रात्री जयंतीच्या आणि हळदीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याने स्वतःच्या आठ चाली बांधल्या आहेत आणि त्यांचा पहिला अल्बम त्याला स्वतःच काढायचा आहे. गाणारा कोणी नाही, शब्द नाहीत. नुसती गिटार, मागे ड्रम आणि बास. रॉक म्हणतात तसले संगीत.

आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी सरळ विचारले, "अरे बाळा, शब्दच नाहीत तर लोक गुणगुणतील काय?"

मुलगा म्हणाला, "काकू, मिरवणुकीत बेंजो वाजतो तेव्हा शब्द कोण म्हणतो?"

"ते गाणे आधी ठाऊक असते म्हणून कळते," सौ. म्हणाल्या. मुलगा गप्प झाला.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आम्हाला रागदारी कळत नाही आणि रॉकही कळत नाही. पण हिशेब कळतो. मुलाने खर्चाचा कागद आणला होता. स्टुडिओचे भाडे, ड्रमवाल्याचे मानधन, मिक्सिंग, मास्टरिंग, एक व्हिडिओ. सर्व मिळून दीड लाख. जमेची बाजू मात्र कोरी होती. आम्ही तिथल्या तिथे आकडा मांडला. बारा टक्के व्याजाने तीन वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता जवळजवळ ५,००० रुपये आणि नुसते व्याज २९ हजारांच्या वर. दादांच्या नोकरीची राहिली आहेत साडेतीन वर्षे. घरात धाकट्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण चालू आहे.

तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, जो सॅट्रियानीनेही कर्ज काढूनच अल्बम केला होता. आज जगभर त्याचे नाव आहे."

आम्ही हे नाव पहिल्यांदाच ऐकले. सहीसाठी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि या माणसाची हकिगत मिळेल तेवढी वाचून काढली. ती वाचकांपुढे ठेवण्यासारखी आहे.

जो सॅट्रियानी यांचा जन्म १९५६ सालचा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील वेस्टबरीचा. १९७० साली जिमी हेंड्रिक्स हा थोर गिटारवादक वारला. ती बातमी ऐकली त्या दिवशी चौदा वर्षांच्या जोने शाळेच्या फुटबॉल संघाला रामराम ठोकला आणि गिटार शिकायचे ठरवले. पुढे लेनी ट्रिस्टानो या जॅझ पियानोवादकाकडे तो काही काळ शिकला. स्वतः शिकता शिकता दुसऱ्यांना शिकवू लागला. पुढे जगप्रसिद्ध झालेला स्टीव्ह व्हाय हा त्याचा त्या काळातला विद्यार्थी. १९७८ च्या सुमारास सॅट्रियानी कॅलिफोर्नियातील बर्कली गावी गेला आणि तिथल्या जुन्या गिटारी विकणाऱ्या एका दुकानात शिकवण्या घेऊ लागला. मेटालिका या बँडचा कर्क हॅमेट तिथेच त्याच्याकडे शिकला. विद्यार्थी नावारूपाला येत होते आणि गुरुजी अजून दुकानातच शिकवत होते.

त्याचा स्क्वेअर्स नावाचा तिघांचा बँडही होता. त्यात गाणे होते, शब्द होते, तरीही कंपनीचा करार काही मिळाला नाही. मग १९८४ साली त्याने कोणाची वाट पाहिली नाही. बायकोच्या नावाने रुबिना रेकॉर्ड्स अशी स्वतःची कंपनी काढली आणि पाच तुकड्यांची एक छोटी तबकडी स्वतःच छापून घेतली. तीवर नाव घातले फक्त स्वतःचे.

या तबकडीतली मौज पुढेच आहे. तीत गिटारशिवाय दुसरे कोणतेही वाद्य नाही. बासचा आवाज हवा म्हणून गिटारची जाड तार सैल करून खाली उतरवली. तालाचा आवाज हवा म्हणून स्क्रू पिळायच्या लोखंडी किल्लीने गिटारच्या पिकअपवर ठोके दिले. पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारे चुंबक. त्यावर धातू आपटला की तो ठोकाही विजेच्या तारेतून आवाज होऊन बाहेर पडतो. ड्रमवाला नाही, बासवाला नाही, त्यामुळे त्यांचे मानधनही नाही. जवळ जे होते त्यातच काम भागवले.

दुसऱ्या वेळी मात्र त्याने मोठा घास घेतला. 'नॉट ऑफ धिस अर्थ' हा पूर्ण अल्बम त्याने जॉन कुनिबर्टी या ध्वनिमुद्रकाला सोबत घेऊन केला आणि त्यासाठी क्रेडिट कार्ड वापरले. कर्ज डोईजड झाले. मुलगा म्हणाला ते इथपर्यंत खरे आहे.

पण कर्ज फिटले कसे, हे त्या पोराने सांगितले नव्हते. अल्बमच्या विक्रीतून ते फिटले नाही. ग्रेग किन नावाच्या गायकाचा बँड होता, त्यात सॅट्रियानीला वाजवायला बोलावले. दुसऱ्याच्या गाण्यामागे गिटार वाजवून जी बिदागी मिळाली, तिने कार्डाचे देणे फिटले. कर्जाला आधार होता तो हातातल्या कामाचा. दहा-बारा वर्षे शिकवून आणि वाजवून जो हात तयार झाला होता, त्याला मागणी होती.

आणखी एक गोष्ट. तो अल्बम १९८६ साली रिलेटिव्हिटी या कंपनीने बाजारात आणला. तिथपर्यंत टेप पोहोचवली ती जुना विद्यार्थी स्टीव्ह व्हाय याने. व्हायने स्वतः १९८४ साली 'फ्लेक्स-एबल' हा आपला पहिला अल्बम असाच स्वतःच्या नावावर काढला होता. तो फ्रँक झापा या संगीतकाराकडे नोकरीला होता. त्याचे संगीत ऐकून कागदावर उतरवण्यापासून त्याने सुरुवात केली आणि पुढे बँडमध्ये वाजवू लागला. कॅलिफोर्नियात सिल्मार येथे घराच्या आवारातच त्याने स्टुडिओ बांधला आणि तिथे अल्बम केला. वितरकाशी ओळख त्यातून झाली आणि ती गुरूच्या उपयोगी पडली.

पुढे १९८७ साली सॅट्रियानीचा 'सर्फिंग विथ द एलियन' आला. शब्द नसलेला हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत चढला आणि पुढे दहा लाखांच्या खपाची प्लॅटिनम मान्यताही त्याला मिळाली. १९८८ साली मिक जॅगरने त्याला आपल्या दौऱ्यावर नेले.

आठ दिवसांनी दोघे पुन्हा आले. आम्ही ही सगळी हकिगत सांगितली आणि मुलाला म्हणालो, "तुझ्या गुरूने पहिली तबकडी कर्जाच्या दीड लाखात केली नाही. एका गिटारवर केली. कर्ज दुसऱ्या वेळी काढले, तेही स्वतःच्या नावावर, बापाच्या नावावर नाही."

मुलगा हुशार आहे. तो म्हणाला, "काका, पण दुसऱ्या वेळी त्याने कर्ज काढलेच नसते तर तिसरा अल्बम झाला असता का?"

याला आमच्याजवळ चोख उत्तर नव्हते, हे कबूल करतो. कदाचित झाला नसता. ज्यांचे कर्ज फिटले त्यांच्या गोष्टी छापून येतात, ज्यांचे फिटले नाही त्यांच्या येत नाहीत, एवढेच आम्ही म्हणालो. आपल्याकडेही हे नवीन नाही. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर स्वखर्चाने छापलेली गीतांची पुस्तके, कॅसेट मांडून बसलेले गायक आपण सर्वांनी पाहिले आहेत. संध्याकाळी न खपलेला गठ्ठा पुन्हा डोक्यावर घेऊन परतणारेही पाहिले आहेत.

आम्ही सही केली नाही. दादांचा चेहरा पडला. फॉर्मची घडी घालून ते निघून गेले आणि अजूनही कचेरीत आमच्याशी कामापुरतेच बोलतात. याचे आम्हाला वाईट वाटते. पण जामीन म्हणजे केवळ ओळखीची सही नव्हे. कर्जदाराने हप्ता चुकवला तर तो आपल्या पगारातून कापला जातो. मित्राच्या चेहऱ्याकडे पाहून सही करणाऱ्या किती घरांत रडारड झाली, हे पतपेढीच्या कारभारात आम्ही पाहिलेले आहे.

मुलगा मात्र चार दिवसांनी एकटाच परत आला. आम्ही त्याच्याबरोबर दोन संध्याकाळी बसलो. आठ चालींतल्या तीन निवडल्या. ड्रम संगणकावर, बास त्याच्या मित्राचा, गिटार घरच्या खोलीत रात्री मुद्रित करायची. फक्त शेवटचे मिक्सिंग बाहेर करून घ्यायचे. भिशीचे १८,००० रुपये त्याचे स्वतःचे आहेत, त्यात हे बसते.

त्याला जे कागदोपत्री सांगितले, ते आपल्या घरातल्या इतर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांसाठीही लिहितो.

पहिले, हक्क. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्या आहे. तीत सूर येतात, शब्द येत नाहीत. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. म्हणजे शब्द नसलेली चाल कायद्याच्या दृष्टीने अपुरी नाही, ती पूर्ण कृती आहे. चालीचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. मुद्रणाचा हक्क वेगळा असतो. ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवून घेतले, त्याचा तो. पैसे दुसऱ्याने घातले तर हा हक्क कोणाचा, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दुसरे, सही. कंपनीच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याप्रमाणे ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणून कंपन्या 'कायमचे' आणि 'सर्व जगासाठी' असे शब्द घालतात. ते शब्द वाचल्याशिवाय सही करू नये. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रचनाकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था रचनाकारांची रॉयल्टी गोळा करते. चाली बांधणाऱ्याला तिचे सभासद होता येते.

तिसरे, जमेची बाजू. मोबाइलवर गाणे चढवले की पैसे सुरू, असे मुलांना वाटते. तसे नाही. स्पॉटिफायचा २०२४ पासून नियम असा की, एखादे गाणे मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नाही तर त्याचे काहीच मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षाची जमा शून्य धरून हिशेब करावा. शून्य धरूनही जो खर्च झेपतो, तेवढाच करावा. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवावा. गाणे कुठे वाजले त्याचा माग त्यावरून लागतो.

शब्दांच्या प्रश्नाचे काय झाले? त्या दुसऱ्या संध्याकाळी मुलाने मोबाइलवर सॅट्रियानीची १९८७ च्या अल्बममधली 'ऑल्वेज विथ मी, ऑल्वेज विथ यू' ही संथ चाल लावली. मग आपली स्वतःची एक चाल वाजवून दाखवली. सौ. भाकऱ्या थापत ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना त्या मुलाचीच चाल गुणगुणत होत्या. आम्ही ते त्याला कळवले.

त्याच्या तीन चाली तयार होतील तेव्हा आम्ही या सदरातून सांगू. वाचकांना एकच विनंती. आपल्या वस्तीतले पोर स्वतःच्या पैशाने काही काढते तेव्हा "एक कॉपी पाठव ना" असे म्हणू नका. शंभर रुपये का होईना, मोजून द्या. त्याच्या कोऱ्या जमेच्या बाजूवर पहिला आकडा आपलाच पडू द्या.